एक खिळा ठोकून दाव

कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी वकीलसाहेब हाताची पालथी बाजू तिच्याजवळ न्यायचे. लोखंड असो, चहाचा कप असो, नाहीतर पोस्टमननं दारात टाकलेलं पाकीट. क्षणभर हात तसाच धरायचा, धग लागते का बघायची, मग हात उलटा करून वस्तू उचलायची. मला ताप आला होता तेव्हा माझ्या कपाळाजवळही त्यांनी हात असाच आणला होता. टेकवला नाही, नुसता जवळ धरला आणि म्हणाले, "ह्यो पेटलाय."

लोखंड ठोकणाऱ्याला ही सवय लागतेच. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही, भाजतं ते काळं पडलेलं. पण त्यांची सवय भट्टीच्याही आधीची. त्यांचे वडील, ज्यांना ते आप्पा म्हणायचे, भरलेली बैलगाडी वाटेत थांबवून चाकाच्या आसाजवळ असाच हात धरायचे, आस तापलाय का बघायला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच डोळे वटारले. "तुला काय करायचंय आमच्या आप्पांशी? रंधा मार."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दारावरून जाताना पोरं चेंडू खिशात घालतात आणि मोठी माणसं फोन कानाला लावतात. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत ते वकीलसाहेब होते. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण भांडण सोडलं नव्हतं. कुणी नमस्कार केला तर "काय काम हाय?" आणि काम नाही म्हटलं तर "मग वाट का अडवलास?"

मी हिंगोलीकडचा. शाळा सातवीत सुटली, पुढं सुतारकाम धरलं. फर्निचरच्या एका ठेकेदाराबरोबर बेळगावला आलो तेव्हा तिशी ओलांडली होती. बायको-लेकरं गावाकडंच. वकीलसाहेबांच्या बैठ्या घराला लागून नवी इमारत उठत होती, तिथं आमचं काम. आमच्या करवतीच्या आवाजावरून वकीलसाहेब रोज सकाळी भांडायला यायचे, इतके नेमानं की आम्ही त्यांच्यावर चहाची वेळ लावायचो. मग एक दिवस ठेकेदार फोन बंद करून पसार झाला. बरोबरची माणसं जिकडं वाट फुटेल तिकडं गेली. मी तापानं फणफणत सिमेंटच्या पोत्यांवर पडलो होतो. रोज आवाज होतो म्हणून भांडणारा माणूस त्या दिवशी आवाज का नाही म्हणून बघायला आला.

"ऊठ," ते म्हणाले. "इथं मेलास तर पंचनाम्याला शेजारी म्हणून मला उभं करतील. मी जल्मभर दुसऱ्यांना साक्षीला उभं केलंय. मी उभारणार न्हाय."

त्यांच्या घरामागच्या खोलीत मला आणलं. स्वतः पेज करून पुढ्यात ठेवली. घरापासून इतक्या लांब कुणी ताट पुढं करतंय म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "रडायचं आसंल तर बाजूला तोंड करून रड. आधीच पातळ झालीया."

ताप उतरल्यावर ते 'जा' म्हणाले नाहीत. 'राहा' असंही म्हणाले नाहीत. नाव विचारलं नाही, 'मराठवाडा' म्हणायला लागले. मी मिळेल तिथं सुतारकामाला जायचो आणि आल्यावर त्यांच्या खिडक्यांच्या झडपा दुरुस्त कर, कौलं बघ, अंगण झाड, असं काहीतरी उकरून काढायचो. रोज वाटायचं, आज सांगणार, खोली मोकळी कर. त्यांच्या चपलेचा आवाज दाराशी थांबला की मी हातातलं काम सोडून उभा राहायचो. आणि ते म्हणायचे, "मराठवाडा, कोळसा फोड."

कारण खोलीच्या पुढ्यातच पत्र्याखाली त्यांची भट्टी होती.

भट्टी म्हणजे मातीनं लिंपलेलं जुनं घमेलं. ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. भात्याच्या जागी केस वाळवायचं यंत्र, त्याच्या तोंडाला लोखंडी नळी बांधलेली. पुण्याच्या मुलीनं ते आईसाठी आणलं होतं. "बायकोनं कधी लावलं न्हाय," साहेब सांगायचे. "केसं जळतील म्हणायची. आता कोळसं जळायल्यात."

वकिलानं म्हातारपणी हातोडा का उचलला, हे गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. मला कळलं ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही, ठोकता ठोकता ते स्वतःशी बोलायचे म्हणून. त्यांना एक धाकटा भाऊ. नंदगडच्या अलीकडं त्यांचं गाव, भाऊ तिथं शेती करायचा. वडील गेल्यावर वाटणीचा दावा दोघांत उभा राहिला आणि वकीलसाहेबांनी स्वतःचा दावा स्वतः चालवला. निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर, सगळ्या वकिलांसमोर, धाकटा म्हणाला होता, "आण्णा, तोंडानं जमीन घेतलास. हातानं एक खिळा ठोकून दाव."

एवढंच. पण ते वाक्य त्यांच्या अंगात रुतून बसलं होतं. वर्षानुवर्षं पक्षकारांसमोर, न्यायाधीशांसमोर बोलले असतील तेव्हाही आत कुठंतरी तो खिळा टोचतच असणार. रिटायर झाल्याबरोबर ते भंगारबाजारात गेले.

हातोडा उचलला की त्यांचं सुरू व्हायचं. "खिळा पायजे व्हय? घे." ठण्. "ह्यो घे." ठण्. "आणि ह्यो." आणि तो खिळा वाकडा व्हायचा. टोक एकीकडं, डोकं दुसरीकडं. मग ते मला विचारायचे, "काय बघायलास?" मी म्हणायचो, "काही नाही, साहेब." "मग खाली बघ."

अशा वाकड्या खिळ्यांनी बिस्किटांचा एक डबा भरला होता. हे सगळं त्या एका माणसाला दाखवायचं होतं. त्याचं तोंड त्या निकालापासून बघितलं नव्हतं आणि बघायचंही नव्हतं.

त्या वाटणीतली एक गोष्ट मागच्या भिंतीला टेकून उभी होती. आप्पांच्या बैलगाडीचं चाक. जमिनीचे तुकडे पडले, भांडी मोजून वाटली, गाडी मात्र कुणी कुणाला देईना. शेवटी दोघांनी एकेक चाक नेलं आणि साटा, म्हणजे गाडीचा सांगाडा, उन्हापावसात सडला. शहाण्या माणसांनी केलेली वाटणी ती. कुणाच्याच कामाची नाही आणि दोघांनाही अगदी सारखी. पेरूच्या झाडाखाली ते चाक असायचं. वकीलसाहेब त्याला हात लावायचे नाहीत, दुसऱ्यालाही लावू द्यायचे नाहीत. एकदा मी त्यावर ओला टॉवेल वाळत घातला तर टॉवेल भट्टीत गेला.

आता पेटीचं सांगतो.

शहापुरात एक जुनं घर पाडत होते. तिथल्या फणसाच्या फळ्या मला मिळाल्या, पिवळ्याधमक, कीड न लागलेल्या. मनात आलं, ह्या माणसाचे इतके उपकार, तोंडानं आभार मानले तर शिव्याच खाईन, त्यापेक्षा पेटी करावी. चांगली मोठी, मांडी घालून माणूस आत बसेल एवढी. कोपरे एकमेकांत गुंफले, फळ्या रंध्यानं तुपासारख्या मऊ केल्या. बाजारातून पितळी बिजागऱ्या आणि कडी आणली आणि पेटी त्यांच्यासमोर ठेवली.

ते भोवतीनं फिरले. "ही कुणाला?"

"तुम्हाला, साहेब."

"मला? का? माझं माप घेतलास काय?"

मग त्यांचं लक्ष बिजागऱ्यांकडं गेलं. हाताची पालथी बाजू जवळ नेली, उचलल्या आणि कंपाउंडच्या भिंतीवरून भिरकावून दिल्या. पलीकडं शेजारच्या आक्कांच्या पापडांवर पडल्या त्या.

"री वकीलसाहेब!" आक्का गच्चीवरूनच ओरडल्या. "काल तुमची राख पडली पापडावर. आज लोखंड पडायलंय. उद्या काय, तुम्हीच पडणार हाय का?"

"पितळ हाय ते! डोळं तपासून घ्या!"

"पापड भरून द्या आधी! कार्पोरेशनला अर्ज देणार हाय मी. घर हाय का कारखाना हाय हे!"

"द्या! अर्ज कसा लिवायचा ते विचारायला माझ्याकडंच यावं लागणार तुम्हाला!"

आणि गंमत म्हणजे त्या खरंच आल्या होत्या, मागच्या वर्षी. त्यांनी अर्ज सांगितला, साहेबांनी स्वतःविरुद्धचा अर्ज नीट मुद्देसूद करून दिला आणि मग म्हणाले, "आता जावा."

पितळ भिरकावून ते माझ्याकडं वळले. "माझ्या घरात बाजारचं लोखंड येणार न्हाय. बिजागऱ्या, पट्ट्या, कडी-कोयंडा, खिळं, सगळं मी करणार." थोडं थांबून पेटीवर हात आपटला. "मग बघू दे त्याला."

कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग सुरू झाला आमचा छळ. माझा, लोखंडाचा आणि आक्कांचा. साहेबांनी जीपखालच्या स्प्रिंगच्या कमानीचे जुने पाटे आणले. त्यांच्या बिजागऱ्या करायच्या, पेटीच्या झाकणावरून लांब जाणाऱ्या, टोकाला पान असलेल्या. तापवायचं, ठोकायचं, भोकं पाडायची आणि तांबडं लोखंड पाण्याच्या बादलीत बुडवायचं. चर्रर्र झालं की त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा. तो आवाज आल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटतच नसे.

त्याचं कारण होतं. त्यांनी जल्मात लोखंडाचं एकच काम जवळून बघितलं होतं, गावात चाकाला धाव चढवतात ते. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. शेणीच्या जाळात ती लालभडक करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. आप्पा दोघा भावांच्या हातात एकेक घागर द्यायचे. सगळं गाव बघत असायचं आणि पाणी ओतायचा मान ह्या दोघांचा. तेव्हापासून तापलेल्या लोखंडावर पाणी घालायचंच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

पाट्याच्या बिजागऱ्या दिसायच्या झकास. मी पेटीवर ठेवून पहिला खिळा मारला की तडक. काचेसारखा तुकडा उडायचा. एक मोडली, दुसरी मोडली, कोपऱ्याची पट्टी मोडली.

"हळू मार की रं! दरवाजा ठोकायलास काय?"

हळू मारलं, तरी मोडली.

"तुझं लाकूड वाईट हाय."

"साहेब, लाकूड फणसाचं..."

"मग तुझा हात वाईट हाय. हिंगोलीला असंच मोडून ठेवतात काय सगळं?"

त्या दिवशी मला खरंच राग आला. ताट न घेता मी खोलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं दाराशी चपला थांबल्या. आता सांगणार खोली सोड, असं वाटून मी कपडे पिशवीत भरायला लागलो. दार ढकलून त्यांनी ताट आत सरकवलं आणि म्हणाले, "भंगारवाला चोर हाय. लोखंडच वाईट दिलंय." एवढ्यावरच ते माझी माफी मागून गेले, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साहेब चाकासमोर उभे. बराच वेळ उभे राहिले. मग हाताची पालथी बाजू धावेजवळ नेली. पेरूच्या सावलीतलं थंडगार लोखंड, तरी नेली.

"हे मऊ लोखंड हाय," ते म्हणाले. "आप्पांनी पारखून घेतल्यालं. मराठवाडा, कातर आण."

"साहेब, हे चाक..."

"वाटणीत माझ्याकडं आलंय. निकाल हाय माझ्याकडं. आण."

कातरीनं ते कटेना, करवतीनं कापलं. धाव सुटली तशी चाकाचे आरे एकेक करून खाली बसले. साहेबांनी तिकडं पाठ केली होती. मी आरे उचलून माझ्या खोलीत खाटेखाली ठेवले. जाळायला काढले असते तर मी काय करणार होतो, ठाऊक नाही.

ते लोखंड मात्र वेगळं होतं. ठोकलं की पसरायचं, वाकवलं की वाकायचं, पाण्यात घातलं तरी मोडायचं नाही. एक बिजागरी झाली. कोपरे झाले. साहेब शिव्या देता देता मध्येच गप्प व्हायला लागले, आणि त्यांचं गप्प होणं मला शिव्यांपेक्षा जड जायचं.

त्यातच गावचा एक माणूस त्यांच्याकडं फुकटचा सल्ला विचारायला आला. सल्ला घेतला, चहा घेतला, परसात नजर टाकली आणि गेला. दोन-चार दिवसांतच, सकाळी, फाटक लाथेनं उघडल्याचा आवाज झाला.

पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी, आणि चेहरा असा की मी एकदा साहेबांकडं बघितलं आणि एकदा त्याच्याकडं. तेच नाक, त्याच भुवया, फक्त उन्हात जास्त भाजलेल्या.

"चाक कुठाय?" धाकले म्हणाले.

साहेबांनी मान वर केली नाही. दुसऱ्या बिजागरीची लांब पट्टी भट्टीत पिवळी होत होती. तिच्याच शेजारी कडीसाठी ठेवलेला पाट्याचा एक तुकडा. हट्टानं तेवढी एक कडी ते पाट्याचीच करणार होते.

"आण्णा, तुला विचारायलोय. आप्पांच्या गाडीचं चाक कुठाय?"

"भट्टीत."

"माणूस हाईस काय तू?"

"वकील हाय. चाक माझ्या वाट्याचं. तुझं तुझ्याजवळ हाय न्हवं? त्याला जाऊन हळदकुंकू लाव."

"लावतोच! बेंदराला बैलांसंगं लावतो, रंग देतो! तू आप्पांचं चाक फोडून काय करायलास? डबं?"

तेवढ्यात पट्टीवरून ठिणग्या उडायला लागल्या. आणखी जराशी राहिली असती तर जळून गेली असती. साहेबांनी सांडशीनं ती ओढून रुळावर ठेवली आणि ओरडले, "घण!"

घण मारायचं काम माझं. लांब पट्टी एका तावात, म्हणजे एकदा तापवली की निवायच्या आत, ओढावी लागते. साहेब छोट्या हातोड्यानं जागा दाखवणार, मी तिथं घण घालणार. पण माझं लक्ष दोघांच्या तोंडांकडं होतं. घण उचलला तो खांद्याशीच राहिला.

"मार की रं! निवायलंय!"

धाकल्यांनी माझ्या हातातून घण हिसकावला. मला वाटलं, आता साहेबांच्या डोक्यात घालणार. मी डोळे मिटले. ठण्, असा आवाज आला. डोळे उघडले तर घाव बरोबर जागेवर बसला होता.

"चाक का फोडलास?" ठण्.

"मऊ लोखंड पायजे हुतं." साहेबांचा हातोडा टक् करून पुढची जागा दाखवत होता.

"बाजारात मिळत न्हाय?" ठण्.

"बाजारचं घालत न्हाय मी. हितं मार. कडंला."

"मला शिकवू नको! धाव चढवताना तू पळून जायचास. हात भाजंल म्हणून." ठण्.

"खोटं! पाणी कोण वतायचं?"

"घागर उचलाय येत न्हवती तुला. खालनं मी धरायचा!" ठण्.

"तू लहान हुतास!"

"म्हणून काय झालं? उचलत हुतो मीच!" ठण्.

"पान काढायचंय टोकाला. हळू."

"म्हाईत हाय."

आणि ते खरंच हळू झाले. घण हलका पडायला लागला. शिव्या तेवढ्याच जड होत्या, पण घण हलका. पट्टीच्या टोकाला पिंपळाच्या पानासारखा आकार आला. गच्चीवर आक्का पापड विसरून उभ्या होत्या. पट्टी काळी पडली तेव्हा दोघंही थांबले, धापा टाकत.

सवयीनं साहेबांनी पट्टी बादलीकडं नेली. चर्रर्र. वाफ दोघांच्याही तोंडावर आली. कुणी मागं सरकलं नाही.

धाकल्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक खिळा उचलला. डोळ्यासमोर धरून फिरवला. मी साहेबांकडं बघितलं. त्या एका गोष्टीसाठी इतकी वर्षं काढलेला माणूस, पण नजर खाली, राख उकरत होता.

"वाकडा हाय," धाकले म्हणाले आणि खिळा परत डब्यात टाकला.

मी धाकल्यांना म्हणालो, "पाणी घ्या."

"ह्याच्या घरचं? नगं." टोपी झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली. फाटकापर्यंत गेले, वळले. "चाकाचं आरं कुठायत?"

"जाळलं," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर साहेबांनी विचारलं, "खाटंखालीच हाईत न्हवं?" मी मान हलवली. "तितंच राहू देत."

त्या दिवशी भट्टी तशीच विझली. कडीचा तो पाट्याचा तुकडा निखाऱ्यात राहिला होता, त्याची कुणालाच आठवण नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी राख उपसली तेव्हा तो सापडला. हाताची पालथी बाजू जवळ नेली. राखेत मुरत मुरत निवला होता. त्यांना कालचा राग कुणावर तरी काढायचाच होता. तुकडा शिकंज्यात आवळला आणि मोडायलाच म्हणून हातोडा घातला.

तुकडा वाकला. मोडला नाही.

उलटीकडून घातला. परत वाकला.

साहेबांनी हातोडा खाली ठेवला. दुसरा एक पाटा तापवून तांबडा केला आणि बादलीकडं न नेता राखेत पुरला. आम्ही दोघं काही न करता नुसते बसून राहिलो. ज्या माणसाला चहा निवायची वाट बघवत नव्हती, तो बसला होता. दुपारी तो पाटा काढला, ठोकला. वाकला, मोडला नाही.

"भंगारवाला चोर न्हवता," साहेब म्हणाले.

मी पसरलेली राख भट्टीत परत लोटली.

"पाणीच घालायचं न्हवतं. नुस्तं ठेवायचं हुतं." भिंतीला जिथं चाक टेकलेलं असायचं तिथं मातीत एक अर्धगोल खळगी होती. तिकडं बघत ते म्हणाले, "चाक उगंच फोडलं, मराठवाडा."

आयुष्यभर दुसऱ्यांकडून चुका कबूल करून घेतलेल्या माणसाचा आवाज असा असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर ओरडावं, लाकडाला नावं ठेवावीत, असं मी मनोमन देवाजवळ मागत होतो.

त्यानंतर पेटी भराभर सजली. बिजागऱ्या बसल्या, कोपरे बसले, गरम लोखंडावर तेलाचं फडकं फिरवून ती काळी कुळकुळीत झाली. कडी राखेत निववलेल्या पाट्याची. राहिले फक्त कोयंड्याचे दोन खिळे.

"पेटी तयार झाली की त्याच्या दारात नेऊन टाक," साहेब म्हणाले. "घेतला तर घेतला. न्हाय तर म्हणावं हिरीत टाक."

"तुम्ही पण चला की, साहेब."

"त्याच्या दारात? मी? वेड लागलंय तुला."

पण ते दोन खिळे त्यांना पसंत पडेनात. रोज एक करायचे, डोळ्यासमोर धरून फिरवायचे, अगदी धाकल्यांनी धरला होता तसाच, आणि डब्यात टाकायचे. "वाकडा हाय." मला कितीतरी खिळे सरळ वाटले. सांगायची सोय नव्हती. पावसाळा गेला, थंडी आली, आक्कांचा अर्ज कार्पोरेशनात कुठंतरी फिरत राहिला आणि साहेब सरळ खिळ्याच्या मागं लागून राहिले. खोकला वाढला होता. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. "डॉक्टरला म्हणावं, तू सुई बंद कर."

एका सकाळी "कोळसा फोड" अशी हाक आली नाही. मी वाट बघितली. मग मीच त्यांच्या दाराशी जाऊन थांबलो. आत जाऊन हाताची पालथी बाजू त्यांच्या कपाळाजवळ नेली. ही सवय मला कधी लागली, कळलंच नव्हतं.

धाकले स्मशानात आले. सगळ्यांच्या मागं उभे राहिले, कुणाशी बोलले नाहीत, शेवटपर्यंत थांबले आणि निघून गेले. आक्का मात्र आठवडाभर माझ्यासाठी डबा पाठवत होत्या. राख पडायची बंद झाली म्हणून गच्चीवर पापड घातलेत असं कधी दिसलं नाही.

पुण्याहून मुलगी आली, घर भाड्यानं द्यायचं ठरलं. तिनं मला काही दिवस सवड दिली, भली बाई. मी कोयंडा बसवला. दोन खिळे लागत होते, डबा उघडला. सरळ निवडावेत असं आधी वाटलं. मग हाताला आले ते घेतले, आरपार ठोकले आणि आतून टोकं मुरडली. आता ते निघायचे नाहीत.

उन्हाळ्याचे दिवस. छोट्या टेम्पोच्या उघड्या हौद्यात पेटी, पेटीत चाकाचे आरे, शेजारी मी. खानापूर मागं पडलं, गाव आलं. धाकले अंगणात होते. पेटी बघून ओळखली असणार, पण पुढं आले नाहीत.

"काय हाय?"

"साहेबांनी पाठवली. त्यांनी सांगितलं होतं, तुमच्या दारात..."

"घरात न्हाय यायची. ठेव तितंच. उन्हात."

टेम्पोवाला आणि मी पेटी अंगणाच्या मधोमध उतरवली. टेम्पोवाला घाईनं गाडीकडं गेला. वाटलं होतं, साहेबांची बाजू मांडावी, राखेची गोष्ट सांगावी, चाक उगंच फोडलं म्हणाले ते सांगावं. सातवी शिकलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. मी नुसतं झाकण उघडलं. आरे दिसले. जळले नव्हते.

धाकले किती तरी वेळ त्या आऱ्यांकडं बघत राहिले. मग झाकण त्यांनीच मिटलं. भोवतीनं फिरले, साहेब फिरले होते तसे. पिंपळपानापाशी थांबले. ते पान कुणाच्या घणाचं होतं, हे त्यांना सांगायला नको होतं. वाकून कोयंड्याचा खिळा अंगठ्यानं चाचपला.

"वाकडाच हाय ह्यो."

मी मान खाली घातली.

मग त्यांनी हाताची पालथी बाजू कडीजवळ नेली. टेकवली नाही. जवळ धरली आणि तशीच धरून ठेवली. उन्हात तासभर आलेलं लोखंड, धग लागत असणार.

"तापलंय," ते म्हणाले. "आत घे. सावलीत घे."

मी एक बाजू उचलली आणि दुसऱ्या बाजूला टेम्पोवाल्याला हाक मारायला वळलो. धाकल्यांनी टोपी काढून खिशात कोंबली होती. दुसरी बाजू त्यांनी खालनं धरली होती.